नावाजलेल्या शेफकडचा ब्रंच फसला, आता एक स्टार देऊ का?

पत्राचा गोषवारा : नाशिकच्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आहे. वय चाळिशीच्या आसपास, नोकरी करतात. घरात नवरा, नऊ वर्षांची मुलगी आणि सासू-सासरे. सासरे नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. रविवारी सकाळी सगळ्यांनी मिसळीला जायचं हा घरचा शिरस्ता. सासू-सासऱ्यांच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली त्या रविवारी यांनी तो मोडला. एका नावाजलेल्या, मूळच्या नाशिकच्या शेफचं मुंबईत मोठं रेस्टॉरंट आहे. तिथे एकदा जेवल्यावर त्या भारावून गेल्या होत्या. त्याच शेफने गंगापूर रोडच्या बाजूला साधंसं, घरगुती वातावरणाचं दुसरं रेस्टॉरंट काढलंय. स्वतःच्या पगारातून त्यांनी सगळ्यांना तिथे ब्रंचला नेलं. साडेअकराचं बुकिंग असून चाळीस मिनिटं थांबावं लागलं. एग्ज बेनेडिक्ट गार आलं, बलक घट्ट झालेला, सॉसमधून तूप सुटल्यासारखं लोणी वेगळं झालेलं. सावरडो, म्हणजे आंबवलेल्या पिठाचा ब्रेड, सासऱ्यांच्या दातांना तुटेना. थालिपिठावर अव्होकाडो होता. दोन कॉफ्या विसरल्या गेल्या. सासूबाईंनी मात्र द्राक्षांचा फ्रेंच टोस्ट संपवला. बिल सर्व्हिस चार्ज धरून सात हजाराला टेकलं. वेटरने 'सगळं ठीक ना?' विचारलं तेव्हा या म्हणाल्या, 'मस्त!' पार्किंगमध्ये सासरे म्हणाले, 'एवढ्यात महिनाभर मिसळ झाली असती.' आता दर रविवारी त्या ब्रंचवरून घरात विनोद होतात. दीर म्हणतो, एक स्टार दे आणि मोकळी हो. नवरा म्हणतो, सोडून दे, शेफ आपल्या नाशिकचाच आहे. त्या विचारतात : रिव्ह्यू लिहू का? की माझी जीभच गावठी आहे आणि मला ते खाणं कळलं नाही? आणि घरच्यांना काय सांगू?

उत्तर :

मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते सगळ्यात सोपं आहे. नाही, तुमची जीभ गावठी नाही. गार अंडं हे गार अंडंच असतं. ते गार आहे हे कळायला पॅरिसला जाऊन यावं लागत नाही. आणि गावठी असण्यात वाईट काय आहे तेही मला कळलेलं नाही, पण तो वाद आज नको.

तुमच्या तक्रारी एका दमात आल्या आहेत, त्या जरा वेगवेगळ्या करू. एग्ज बेनेडिक्ट म्हणजे काय, तर इंग्लिश मफिन नावाचा गोल, चपटा ब्रेड, वर हॅम किंवा मशरूम, त्यावर उकळीच्या जरा खालच्या पाण्यात कवचाशिवाय शिजवलेलं अंडं आणि सगळ्यात वर हॉलंडेज सॉस. अंड्याचा बलक साधारण ६५ ते ७० अंश सेल्सिअसच्या दरम्यान घट्ट व्हायला लागतो. सुरी लावल्यावर तो वाहायला हवा, यातच त्या डिशची सगळी गंमत आहे. गर्दीच्या किचनमध्ये ही अंडी आधी शिजवून बर्फाच्या पाण्यात ठेवतात आणि ऑर्डर आली की गरम पाण्यात मिनिटभर सोडून काढतात. यात लबाडी काही नाही, जगभर असंच करतात. पण ते मिनिट लांबलं तर बलक घट्ट होतो, आणि अंडं बाहेर काढून प्लेट वेटरने उचलायच्या खिडकीत तशीच पडून राहिली तर सगळंच गार होतं. तुमच्या ताटात या दोन्ही गोष्टी झालेल्या दिसतात. अंडं पाण्यात जास्त राहिलं, आणि मग प्लेट उचलायला कोणी नव्हतं.

सॉसचंही तसंच. हॉलंडेज म्हणजे अंड्याचा बलक, लोणी आणि लिंबू यांचं मंद आचेवर फेटून जमवलेलं मिश्रण. ते जास्त तापलं किंवा थंड होऊन पुन्हा तापवलं की फुटतं आणि लोणी वेगळं होतं. ते कोमट ठेवावं लागतं आणि तसंही फार वेळ ठेवता येत नाही, तास-दीड तासाने नवीन करावं लागतं. फुटलेला सॉस पाहून टाकून द्यायचा आणि पुन्हा करायचा, एवढी शिस्त त्या दिवशी नव्हती. ही चूक त्यांची, तुमच्या समजुतीचा यात काही संबंध नाही.

सावरडो मात्र वेगळा. त्याचं कवच कडक आणि आतला भाग चिवट असतोच, तसाच तो करायचा असतो. सासऱ्यांना तो तुटला नाही हे खरं, पण तो बिघडला होता असं म्हणता येणार नाही. ऑर्डर घेणाऱ्याने टेबलावर सत्तरीचं माणूस पाहून 'हा ब्रेड कडक असतो, साधा देऊ का?' असं विचारायला हवं होतं. चांगल्या ठिकाणी विचारतात. आणि थालिपिठावरचा अव्होकाडो? ती आवडनिवड झाली. मला विचाराल तर थालिपिठावर लोण्याचा गोळाच हवा, पण माझ्या मतावर कोणाचे स्टार कापू नयेत.

म्हणजे तुमच्या यादीतल्या दोन गोष्टी स्वयंपाकघराच्या चुका, थांबणं आणि विसरलेल्या कॉफ्या या सेवेच्या चुका, एक गोष्ट त्या पदार्थाचा स्वभाव, एक आवडीची. आणि एक पदार्थ चांगला होता. तो तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलात. सासूबाईंनी टोस्ट संपवला! पंचेचाळीस वर्षांच्या संसारात सकाळी पावाचं गोड खाणं त्यांच्या वाट्याला कितीदा आलं असेल कोणास ठाऊक. त्यांना तो कसा लागला हे त्यांना कोणी विचारलं का? मला वाटतं, त्या दिवशी सासऱ्यांच्या वाक्यानंतर कोणाला कोणाचं काही ऐकू आलं नाही.

आता नावाबद्दल. तुमच्या पत्रात 'त्या शेफच्या हातचं' असं आलं आहे. तिथेच जरा अडखळले. त्या रविवारी तो शेफ नाशिकमध्ये होता का? तुम्ही पाहिलात का? बहुधा नाही. मोठ्या शेफचं दुसरं, साधं रेस्टॉरंट ही जगभर रुळलेली गोष्ट आहे. अमेरिकेत थॉमस केलर यांनी कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्यात, यौंटव्हिल नावाच्या गावात, १९९४ साली 'फ्रेंच लाँड्री' घेतलं आणि ते जगातल्या नामांकित रेस्टॉरंटांत नेऊन बसवलं. १९९८ मध्ये त्याच गावात त्यांनी 'बूशॉन' हे साध्या फ्रेंच जेवणाचं ठिकाण काढलं. तेही द्राक्षांचं आणि वायनरींचं गाव, म्हणून तुम्हाला सांगते. दोन्हीकडे केलर स्वतः एकाच वेळी तव्याशी उभे असणं शक्यच नव्हतं. आपल्याकडे २०१५ साली मुंबईत 'बॉम्बे कँटीन' सुरू झालं तेव्हा त्यामागे फ्लॉइड कार्डोझ यांचं नाव आणि डोकं होतं. पण ते राहायचे अमेरिकेत, आणि रोजचं किचन थॉमस झकारियास सांभाळायचे. तिथे खाणं उत्तम होतं, कारण रोज हजर असलेला माणूस तोलामोलाचा होता.

म्हणून एखाद्या शेफच्या दुसऱ्या रेस्टॉरंटला जाताना विचारायचा प्रश्न हा की, रोज किचन कोण चालवतं? बुकिंग करताना फोनवर विचारता येतो, त्यात वावगं काही नाही. नीट चाललेल्या ठिकाणी हेडशेफचं नाव अभिमानाने सांगतात. तिकडून 'मॅडम, शेफ मुंबईला असतात' एवढंच उत्तर आलं तर तुम्हालाही अंदाज येतो.

याचा अर्थ त्या शेफला मोकळं सोडा असा नाही. मेन्यूवरचे भाव त्याच्या नावाने लागतात. पाटीवर, इन्स्टाग्रामवर, वर्तमानपत्रातल्या मुलाखतीत सगळीकडे तो असतो. मग फुटलेल्या सॉसच्या वेळी 'ते तिकडचं किचन बघतं' असं म्हणून त्याला हात वर करता येणार नाहीत.

ब्रंचबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण तुम्ही मुंबईला रात्रीचं जेवण जेवलात आणि नाशिकला रविवारी ब्रंचला गेलात. या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. हॉटेलच्या किचनमध्ये काम करणारे माझ्या ओळखीतले दोघे-तिघे आहेत आणि ब्रंचचं नाव काढलं की त्यांचे चेहरे पडतात. शनिवारची रात्र आठवड्यातली सगळ्यात जड. किचन आवरून घरी जायला एक-दीड वाजतो. मग रविवारी सकाळी मुरलेले लोक सुट्टीवर किंवा दुपारच्या पाळीला, आणि अंड्यांच्या शेगडीशी नवखा मुलगा. सोबतीला हॉटेल मॅनेजमेंटची ट्रेनिंगला आलेली पोरं. त्यात ब्रंचची माणसं टप्प्याटप्प्याने येत नाहीत. साडेअकरा ते एकच्या दरम्यान सगळी टेबलं एकदम भरतात, आणि दर टेबलावर कोणाला अंडं कमी शिजलेलं, कोणाला चीज नको, कोणाला ब्रेड वेगळा. नाशिकला तर शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची मंडळी वायनरी बघायला येतात, ती ब्रंच करूनच परततात. सुला वायनरीने गंगापूर धरणाच्या बाजूला १९९९ साली सुरुवात केली, तेव्हापासून त्या रस्त्याचा शनिवार-रविवार आपला, गावकऱ्यांचा, राहिलेला नाही.

सासऱ्यांच्या मिसळीची तुलनाही इथेच तपासून घेऊ, कारण तीच तुम्हाला टोचते आहे. मिसळवाल्याचं भांडं पहाटे चढतं. मटकी शिजते, काळ्या मसाल्याची तर्री उकळत राहते आणि जसजसा वेळ जातो तशी ती मुरते. तिथली गर्दीही काही कमी नसते. रविवारी मखमलाबाद किंवा सातपूरच्या बाजूला चुलीवरच्या मिसळीला गेलं तर पार्किंगपासून रांग असते, आणि तुम्हीही तिथे अर्धा तास थांबला असालच. पण नंबर लागला की दोन मिनिटांत ताट येतं. पदार्थ एकच, तो आधीच तयार, आणि थांबल्याने बिघडत नाही. शेव वर पडते, कांदा-लिंबू बाजूला, पापड, दही, हवा तितका रस्सा. चूक व्हायला जागाच कमी. पाण्यात कवचाशिवाय शिजवलेल्या अंड्याचं आयुष्य ताटात चार-पाच मिनिटांचं. मिसळीचं सकाळपासून दुपारपर्यंतचं. सासऱ्यांचं म्हणणं पैशाच्या हिशेबाने बरोबर आहे. स्वयंपाकाच्या हिशेबाने त्यांनी सोपा पेपर अवघड पेपरशेजारी ठेवलाय. मात्र अवघड पेपर घेतो म्हणणाऱ्याने अभ्यास करून यायचा असतो, हेही तितकंच खरं.

आता त्या 'मस्त!'कडे येते. मला तुमच्या पत्रातला हा सगळ्यात महत्त्वाचा शब्द वाटला. वेटरने विचारलं तेव्हा गार प्लेट समोर होती. त्या क्षणी तुमची तक्रार मोफत, सोपी आणि उपयोगी होती. दहा मिनिटांत नवं अंडं आलं असतं. तुम्ही 'मस्त' म्हणालात आणि मग ती तक्रार घरी आणलीत, आणि आता ती तुमच्याच रविवारांवर बसली आहे. का म्हणालात? मी अंदाज करते. सासरे समोर होते. प्लेट परत पाठवली असती तर बेत फसल्याचं सगळ्यांसमोर कबूल झालं असतं. शिवाय आपल्याकडे पैसे देऊन खातानाही यजमानाला दुखवू नये असा संकोच असतो. वाढणाऱ्याला 'मीठ कमी आहे' म्हणायला आपण पंगतीत शिकतच नाही. पण हॉटेल म्हणजे पंगत नव्हे. तिथे सांगितल्याने कोणाचा अपमान होत नाही.

सांगायचं कसं, तर दोन घासांतच. अर्धी प्लेट संपल्यावर सांगितलं की समोरचा गोंधळतो, आणि त्याची चूकही नसते. वेटरला न सांगता कॅप्टनला किंवा मॅनेजरला बोलवा, कारण बदलून द्यायचा अधिकार त्याच्याकडे असतो. आवाज साधा ठेवा, गोष्ट नेमकी सांगा : 'अंडं गार आहे आणि आतून घट्ट झालंय. दुसरं करून द्याल का?' एवढं पुरतं. 'इतके पैसे घेता आणि', 'मुंबईला आम्ही जेवलो तेव्हा', 'तुमच्या शेफना सांगा' ही वाक्यं पोटात ठेवा. ती खरी असली तरी त्यांनी अंडं गरम होत नाही. आणि चाळीस मिनिटं बुकिंग असून थांबावं लागलं तर विसाव्या मिनिटाला उठून 'आमच्या टेबलाला नक्की किती वेळ?' असं विचारा. उत्तर गोलमोल आलं तर निघून जायचा हक्क आहे तुम्हाला. लग्नाचा वाढदिवस होता, मान्य, पण सासू-सासऱ्यांना उभं ठेवण्यापेक्षा ते बरं.

सर्व्हिस चार्जची गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण बिलात होता म्हणून सांगते. इतर वाचकांच्याही उपयोगी पडेल. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला काढलेल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे रेस्टॉरंटला सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावता येत नाही. तो द्यायचा की नाही हे ग्राहकाने ठरवायचं. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या सूचना उचलून धरल्या. सेवा चांगली वाटली नसेल तर 'हा काढून द्या' म्हणा. काढत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जीएसटी मात्र सरकारचा, तो काढून मिळत नाही. अशा साध्या रेस्टॉरंटमध्ये तो सहसा पाच टक्के असतो. गार अंड्यासाठी ग्राहक आयोगात मात्र जाऊ नका. खाण्याला वास येत असेल, चिकन कच्चं असेल, नंतर घरात कोणाला त्रास झाला असेल तर गोष्ट वेगळी. मग अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करायची. बिलावर परवान्याचा चौदा आकडी क्रमांक छापलेला असतो, म्हणून अशा वेळी बिल फेकू नका.

आता रिव्ह्यू. तुमच्या दिराचं आणि नवऱ्याचं, दोघांचंही मला पटत नाही. दिराला वाटतं एक स्टार म्हणजे हिशेब चुकता. पण तुम्हाला ज्याचा राग आहे त्यातला निम्मा भाग त्या रेस्टॉरंटचा नाहीच. तुम्ही घरात पहिल्यांदाच एक वेगळा रविवार ठरवलात, स्वतःच्या पैशाने, आणि तो पार्किंगमध्ये एका वाक्यात उडवला गेला. हा राग सासऱ्यांवर काढता येत नाही म्हणून तो एका शेफच्या नावाखाली एका स्टारमध्ये जाणार. वाचणाऱ्याला त्यातून काय कळणार? फक्त तुम्ही चिडलात एवढं. सॉस फुटला होता हे कळणारच नाही.

नवऱ्याचा 'आपल्या नाशिकचा आहे' हा मुद्दाही मला उलटाच वाटतो. गावचा माणूस म्हणून त्याच्याबद्दल बाहेर वाईट बोलू नये, इतपत ठीक. पण त्यालाच खरं सांगू नये? मुंबईच्या रेस्टॉरंटमध्ये त्याला रोज टीकाकार भेटत असतील. इथे सगळे 'आपल्या गावचा' म्हणत 'मस्त' म्हणत राहिले तर त्याला कळणार कसं की रविवारी बारा वाजता त्याच्या नावाने काय वाढलं जातं?

म्हणून आधी त्यांनाच लिहा. रेस्टॉरंटच्या ईमेलवर किंवा बुकिंग ज्या नंबरवरून झालं त्यावर. तारीख, वेळ, टेबल किती जणांचं, बुकिंग किती वाजताचं आणि बसायला किती वाजता मिळालं. मग दोन चुका, नेमक्या. मग तुम्ही त्या वेळी सांगितलं नाही हेही लिहा. लपवू नका, नाहीतर ते तेच पकडतील. आणि टोस्ट चांगला होता हे लिहा. खुशामत म्हणून नव्हे. किचनमधल्या माणसाला त्यातून कळतं की अंडी-सॉसचा विभाग बिघडला होता, गोडाचा नाही. काहीतरी असं :

'अमुक तारखेला साडेअकराच्या बुकिंगला आम्हाला बारा वाजून दहा मिनिटांनी टेबल मिळालं. एग्ज बेनेडिक्ट गार होतं, बलक घट्ट होता, हॉलंडेज फुटलेला होता. दोन कॉफ्या आल्याच नाहीत. द्राक्षांचा फ्रेंच टोस्ट उत्तम होता. आम्ही त्या वेळी तक्रार केली नाही, पण तुम्हाला कळावं म्हणून लिहिते आहे.'

बस. परतावा मागू नका. मागितलात की पत्र खरेदी-विक्रीचं होतं. आठ-दहा दिवस थांबा. नीट उत्तर आलं, कोणी फोन केला, चूक मान्य केली, तर माझ्या मते जाहीर लिहायची गरज उरत नाही. छापील उत्तर आलं किंवा काहीच आलं नाही, तर मग जरूर लिहा, पण हाच मजकूर लिहा. स्टार किती द्यायचे हे मजकूर लिहून झाल्यावर ठरवा, आधी नाही. तुमच्या वर्णनावरून मी दोन दिले असते, टोस्टमुळे. शेफचं नाव, मुंबईचं रेस्टॉरंट, 'लूट', 'नाशिककरांना मूर्ख समजतात' असलं काही नको. मिसळीचा उल्लेखही नको. तो घरचा विषय आहे.

ते तुम्हाला फुकट ब्रंच देऊ करण्याचा संभव आहे, बरीच रेस्टॉरंटं करतात. ते घ्यायचं की नाही हे तुमच्यावर. मी असते तर 'बिल आम्ही देऊ, फक्त गर्दी नसेल तेव्हा टेबल द्या' असं म्हटलं असतं. फुकट खाल्लं की मग खरं बोलताना अवघडायला होतं, आणि तुम्हाला 'मस्त' म्हणायची सवय आधीच आहे.

घरी काय सांगायचं? बचाव करू नका. 'ब्रंच फसला' हे तुम्हीच, हसून, पहिल्यांदा म्हणा, पुढच्या रविवारी मिसळीच्या टेबलावरच. दुसऱ्यांचा विनोद आपण आधी केला की त्याची हवा जाते. सासरे पैशावर बोलले तर म्हणा, 'बाबा, पैसे माझे होते, आणि तुमच्यासाठी होते.' चिडून नाही, पण म्हणा. मला वाटतं त्यांना हे नीट कळलेलंच नाहीये. प्रेसमध्ये आयुष्यभर नोटा छापताना पाहिलेल्या माणसाला सात हजारांचा आकडा खटकणं स्वाभाविक आहे, आणि त्या खटकण्यात 'सूनबाईने आमच्यासाठी एवढा खर्च केला' हा अवघडलेपणाही असू शकतो. आपल्याकडची त्या पिढीची माणसं कौतुक स्वीकारता आलं नाही की महागाईवर बोलतात. खात्रीने सांगत नाही, पण एकदा त्या नजरेने बघा.

आणि सासूबाईंना वेगळं गाठा. स्वयंपाकघरात, दुपारी, कोणी नसताना विचारा, टोस्ट कसा होता. आवडला म्हणाल्या तर घरी करायला अवघड नाही : अंडं-दुधात बुडवलेला जाडसर पाव तुपावर भाजायचा, आणि द्राक्षं थोड्या साखरेत आणि लिंबाच्या रसात मऊ होईपर्यंत शिजवून वर घालायची. जानेवारी ते एप्रिल आपल्याकडे द्राक्षं मुबलक असतात, नसली तर बेदाणे कोमट पाण्यात भिजवून घ्या. पाव जरा शिळाच घ्या, ताजा लगेच फाटतो.

पुन्हा तिथे जायचं की नाही, हे तुम्ही विचारलं नाहीत. पण मुंबईच्या जेवणाचं तुम्ही ज्या ओढीने लिहिलंय त्यावरून ते मनात आहे असं दिसतं. जा. रविवारी नाही आणि ब्रंचला तर नाहीच. बुधवारी किंवा गुरुवारी संध्याकाळी, साडेसात-आठला, पहिल्या टेबलांत. फोनवर किचन कोण बघतं ते विचारून. फक्त नवऱ्याबरोबर, दोन-तीनच पदार्थ मागवा, आणि त्यातला एखादा कॅप्टनला 'तुमच्याकडे आज काय चांगलं आहे?' विचारून घ्या. मेन्यूतला सगळ्यात प्रसिद्ध पदार्थ घ्यायलाच हवा असं काही नाही. प्लेट बरी नसेल तर दोन घासांत सांगा. हवं तर सासऱ्यांनाही विचारून बघा, पण ते येणार नाहीत, आणि त्यांचं तसं काही चुकतही नाही.